मुद्रण कागद

मुद्रण कागद : छपाईच्या यंत्रावर शाई नीट ग्रहण करून मजकूर वा चित्र स्पष्टपणे दाखविणारा आणि छपाईनंतरची घडी, शिलाई व हाताळणी सोसणारा कागद. लेखनाचा कागद, वेष्टनाचा कागद व पुठ्ठा यांच्याशी त्याचे निकटचे नाते असून त्यांच्यातील सीमारेषा पुष्कळदा पुसट असते. बाजारात या कागदाची ओळख मुख्यतः त्याच्या वजनावरून करून दिली जाते. तथापि वजन हा कागदाच्या अनेक गुणधर्मांपैकी केवळ एक होय. एकाच वजनाचे दोन कागद जाडी, अपारदर्शकता, पृष्ठभाग व आयुष्य या सर्वच बाबतींत परस्परांहून अगदी भिन्न असू शकतात. त्यामुळे वजनाइतकाच या इतर गुणांचा विचार कागद निवडताना करावा लागतो. प्रस्तुत नोंदीत कागदाच्या निर्मितीचा तपशील आवश्यक तेवढाच दिला आहे. [→ कागद, मुद्रण].

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात मुद्रणकला रुजण्यापूर्वी वापरात असलेला कागद हाती बनविलेला असे. अहमद निजामशाह याने १४९० मध्ये अहमदनगर वसविले. त्यापूर्वी त्याचे ठाणे जुन्नर येथे होते आणि १४९९ मध्ये दौलताबादचा किल्लाही त्याच्या ताब्यात आला. जुन्नर आणि दौलताबादनजीकचे कागजीपुरा ही दख्खनमधील हातकागदाची दोन नावाजलेली केंद्रे अशा रीतीने एकाच राज्यात आली. येथील कारागीर तागाचे जुने दोर, गोणपाट व चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवून व कुटून लगदा करीत, तो चाळणीवर उचलून ताव पाडीत, वाळलेल्या तावास खळ लावीत आणि शेवटी दगडाने घोटून त्यास तकाकी आणीत. बोरूने मोडी लिहिण्यास हा घोटीव कागद उत्कृष्ट होता. अहमदनगर येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात (स्थापना १९६०) असलेली मोडी कागदपत्रे अशाच हातकागदावर लिहिलेली आहेत.

लेखनास उत्तम असलेला हा कागद छपाईस मात्र तितकासा सोयीचा नव्हता. खळ लावून घोटलेला पृष्ठभाग शाई लवकर शोषीत नाही. तसेच हातकागदाच्या तावाची जाडी सर्वत्र सारखी नसल्याने खिळ्यांचा दाब एकीकडे जास्त व दुसरीकडे कमी पडतो. हातयंत्रावर छापण्यापूर्वी कागद ओलसर करून घेण्याची जी जुनी पद्धत होती, तिचे कारण हेच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे आपले केंद्र स्थापन केले आणि १८४२ मध्ये तेथून ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केले. मराठी छपाईच्या या पहिल्या पर्वातच यंत्रावर तयार होणारा अखंड पट्ट्याचा कागद जगभर पसरत होता. फ्रान्समध्ये नीकॉला ल्वी रॉबेर याने १७९८ च्या सुमारास बनविलेले आणि नंतर इंग्लंडमध्ये फूर्द्रिनिए बंधूंच्या नावाने प्रसिद्ध झालेले यंत्र या कागदाचे उगमस्थान होय. सारख्या जाडीचा, मोजून-मापून विकता येणारा कागद त्यामुळेच शक्य झाला आणि कागदाच्या वजनाला आजचा अर्थ प्राप्त झाला.

वजन व आकारमान : एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या कागदाचे ग्रॅममधील वजन हे कागदाच्या वजनाचे आजचे प्रमाण एकक आहे. मुद्रक त्यास जी.एस.एम. असे म्हणतात. ‘साठ जी.एस.एम.’ कागद याचा अर्थ ज्याच्या एक चौरस मीटर तुकड्याचे वजन ६० ग्रॅम भरते असा कागद. हे एकक तावाच्या आकारमानावर अवलंबून नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

दशमान पद्धतीपूर्वी स्थिती वेगळी होती. कागद रिमावर व रिमाच्या पौंडांतील वजनावर विकला जाई. चोवीस तावांचा एक दस्ता व वीस दस्त्यांचे एक रीम, म्हणजे ४८० ताव, हा जुना हिशेब होता. आता रीम ५०० तावांचे धरतात. या पद्धतीत वजनाबरोबर तावाचे आकारमान सांगणे अपरिहार्य असे. उदाहरणार्थ, ५०० तावांचे चोवीस पौंडी रीम डबल क्राउन (२० × ३० इंच) आकाराचे असल्यास तो कागद सुमारे ५६ जी.एस.एम. ठरतो; तेच चोवीस पौंडी रीम क्राउन (१५ × २० इंच) आकाराचे असल्यास कागद दुप्पट भारी, म्हणजे सुमारे ११२ जी.एस.एम. असतो. भारतात मापे व वजने यासंबंधीचा अधिनियम १९५६ मध्ये संमत झाला आणि पुढील काही वर्षांत दशमान पद्धती लागू झाली. मुद्रणालयांतील बोलीत मात्र डेमी, क्राउन, रॉयल, फुलस्केप ही तावांची इंग्रजी नावे दीर्घकाळ टिकून राहिली.

रिमाचे वजन काढण्याचे सूत्र सोपे आहे. तावाची लांबी व रुंदी मीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्यास जी.एस.एम.ने व नंतर ५०० ने गुणावे आणि १,००० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये मिळते. ग्रंथछपाईत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ५८·५ × ९१ सेंमी. तावाचे ६० जी.एस.एम.चे रीम या हिशेबाने सुमारे १६ किग्रॅ. भरते, ७० जी.एस.एम.चे १८·६ किग्रॅ. आणि ८० जी.एस.एम.चे २१·३ किग्रॅ. या एका तावातून डेमी अष्टपत्री आकाराची १६ पाने, म्हणजे ३२ पृष्ठे निघतात. मुद्रक सोळा पृष्ठांचा एक फर्मा धरतात. म्हणजे एका तावात दोन फर्मे बसतात. २०८ पृष्ठांच्या (१३ फर्म्यांच्या) ग्रंथाच्या १,००० प्रतींस ६,५०० ताव, म्हणजे १३ रिमे लागतात. ६० जी.एस.एम. कागद घेतल्यास हा कागद २०८ किग्रॅ., तर ७० जी.एस.एम. घेतल्यास सुमारे २४२ किग्रॅ. होतो, छपाईतील नासधूस यात धरलेली नाही. कागद वजनावर विकला जातो व ग्रंथाच्या निर्मितिखर्चात त्याचा वाटा मोठा असतो. त्यामुळे दहा ग्रॅमचा हा फरक प्रकाशकाच्या दृष्टीने क्षुल्लक नसतो आणि विक्रीच्या किंमतीवर त्याचा परिणाम होतो.

तावांच्या आकारांचे दुसरे घराणे जर्मनीत १९२२ मध्ये प्रमाणित झाले व पुढे आंतरराष्ट्रीय मानक बनले. त्यात लांबी व रुंदी यांचे गुणोत्तर दोनच्या वर्गमुळाइतके असते. त्यामुळे ताव मध्ये दुमडला तरी त्याचे प्रमाण बदलत नाही. या गुणाकडे जर्मन विचारवंत गेओर्ग लिख्टेनबेर्क याने १७८६ मध्येच एका पत्रात लक्ष वेधले होते. ए० तावाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर व ए४ तावाचे त्याचा सोळावा भाग असल्याने ८० जी.एस.एम.चा ए४ ताव बरोबर ५ ग्रॅम भरतो. कार्यालयीन कामासाठी ही पद्धत बहुतेक देशांत रूढ झाली असली, तरी मराठी ग्रंथ अजूनही बव्हंशी डेमी व क्राउन याच मापांत निघतात.

वजनाखेरीज इतर गुणधर्म : कागदाची जाडी व त्याचे वजन यांच्या गुणोत्तरास स्थूलता म्हणतात. ती दाबयंत्रातून कागद किती घोटला आहे आणि लगद्यात चिनी माती वा खडू किती मिसळला आहे, यावर अवलंबून असते. वर उल्लेखिलेल्या २०८ पृष्ठांच्या ग्रंथात १०४ पाने असतात. सर्वसाधारण ६० जी.एस.एम. कागदावर (स्थूलता १·३) त्याची जाडी सुमारे ८ मिमी. होईल, फुगीर ६० जी.एस.एम. कागदावर (स्थूलता १·८) ११ मिमी.च्या वर जाईल, तर ९० जी.एस.एम. आर्ट पेपरवर (स्थूलता ०·८) ती साडेसात मिलिमीटरच भरेल. वजनाने दीडपट असलेला कागद अशा रीतीने पातळ पुस्तक देतो. वाचकाला मोठे पुस्तक दिल्याचे समाधान वाटावे म्हणून फुगीर कागद वापरण्याची व्यापारी युक्ती यावरच आधारलेली आहे.

अपारदर्शकता हा वाचनाच्या दृष्टीने वजनापेक्षाही महत्त्वाचा गुण आहे. मागील पृष्ठावरील छपाई पुढे दिसू लागली, की डोळा शिणतो. देवनागरीच्या बाबतीत हा दोष विशेष त्रासदायक होतो. कारण या लिपीत अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व ऋकार येतात. ओळींमधील पांढरी जागा त्यामुळे रोमन छपाईपेक्षा अगोदरच अरुंद असते, आणि मागून दिसणारी सावली याच जागेत येऊन अनुस्वाराचा किंवा उकाराचा भास निर्माण करते. मराठी पुस्तकासाठी कागद पारखताना छापील पानावर तो ठेवून खालील अक्षरे किती दिसतात हे पाहण्याची साधी कसोटी अनुभवी मुद्रक वापरतात. लगद्यात यांत्रिक लगद्याचा अंश असला किंवा भरणद्रव्य अधिक असले, तर अपारदर्शकता वाढते. कागद अधिक घोटला, तर ती घटते.

पृष्ठभागाची अपेक्षा छपाईच्या पद्धतीवरून ठरते. खिळ्यांच्या, म्हणजे उत्थित मुद्रणात, खडबडीत कागदही चालतो. कारण खिळा दाबून शाई उमटवितो. प्रतिरूप म्हणजे ऑफसेट मुद्रणात रबरी पत्र्यावरील चिकट शाई कागदाचा पृष्ठभाग ओढते. पृष्ठभाग दुर्बळ असल्यास त्यातील सुटे तंतू व धूळ उपटून पत्र्यावर बसतात आणि पुढील प्रत्येक ताव ठिपक्यांनी डागाळतो. म्हणून ऑफसेटच्या कागदाच्या दोन्ही बाजूंवर पिष्टमय द्रव्याचा लेप देऊन त्या बळकट केलेल्या असतात. महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या ठिकाणची मुद्रणालये खिळ्यांकडून ऑफसेटकडे वळू लागली, तेव्हा जुन्या कागदावर नव्या यंत्राची छपाई बिघडण्याचा अनुभव पुष्कळांना आला, तो यामुळेच.

कागद यंत्रावर तयार होताना त्यातील बहुतेक तंतू यंत्राच्या गतीच्या दिशेने पडतात. ही तंतुदिशा पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या कण्याशी समांतर ठेवावी लागते. ती आडवी पडल्यास पाने ताठ राहतात, पुस्तक उघडे राहत नाही व बांधणीजवळ सुरकुत्या पडतात. तंतुदिशा ओळखण्यासाठी कागदाची चौकोनी चकती ओली करावी. ती ज्या अक्षाभोवती गुंडाळते, ती तंतुदिशा होय.

आर्द्रतेचा परिणाम हा या प्रदेशातील मुद्रकाला रोज जाणवणारा विषय आहे. कागदाचे तंतू हवेतील ओलावा घेतात व सोडतात. ओलाव्याने ते लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगतात, म्हणून ताव तंतुदिशेच्या आडव्या बाजूने अधिक वाढतो. अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून उन्हाळ्यात तेथील हवा अत्यंत कोरडी असते. दमट किनारपट्टीवरून आलेले रीम एप्रिल-मे महिन्यांत तेथे उघडल्यास तावांच्या कडा आधी वाळून आखडतात आणि मधला भाग फुगीर राहतो. याच्या उलट पावसाळ्यात कडा ओलावा घेऊन लाटांसारख्या वर-खाली होतात. चार रंगांच्या छपाईत एका रंगाचा ठसा दुसऱ्यावर अचूक बसेनासा होतो तो बहुधा अशा वेळी. कोरड्या हवेत घर्षणाने स्थिर विद्युत् निर्माण होऊन दोन ताव एकमेकांस चिकटतात व यंत्रात एकदम जातात, ही आणखी एक अडचण. रिमाचे वेष्टन छपाईच्या खोलीत दिवसभर बंद ठेवून कागदाला खोलीचे तापमान घेऊ देणे आणि उन्हाळ्यात खोलीत पाणी शिंपडणे किंवा ओली पोती टांगणे, हे अशा छापखान्यांतील साधे उपाय होत.

प्रमुख प्रकार : (१) वृत्तपत्री कागद : यास न्यूजप्रिंट असे म्हणतात. लाकूड दगडावर घासून काढलेला यांत्रिक लगदा हा त्याचा परंपरागत मुख्य घटक. जर्मन विणकर फ्रीड्रिख गोट्लोप केलर याने १८४३-४४ मध्ये ही रीत शोधून काढली आणि स्वस्त दैनिक वृत्तपत्राचा मार्ग मोकळा झाला. यांत्रिक लगद्यात लाकडातील लिग्निन कायम राहते, म्हणून हा कागद स्वस्त, शाई चटकन पिणारा व अपारदर्शक असतो. परंतु उन्हात ठेवताच पिवळा पडतो. त्याचे वजन पूर्वी ५२ जी.एस.एम. असे, नंतर ४८·८ हे प्रमाण रूढ झाले व पुढे ४५ आणि ४२ पर्यंत उतरले. वजनातील ही घट म्हणजे केवळ काटकसर नव्हे. एक टन ५२ जी.एस.एम. कागदाचे क्षेत्रफळ सुमारे १९,२०० चौ.मी., तर ४५ जी.एस.एम.चे सुमारे २२,२०० चौ.मी. असते, म्हणजे त्याच टनात वाचकाला सुमारे साडेपंधरा टक्के अधिक पृष्ठे मिळू शकतात. 

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ वृत्तपत्री कागद मुख्यतः आयात करावा लागे. मध्य प्रदेशातील नेपानगर येथील कारखान्यात १९५५ मध्ये त्याचे देशी उत्पादन सुरू झाले, पण ते मागणीस पुरेसे नव्हते. टंचाईतून नियंत्रणे आली आणि कागद हा घटनात्मक वादाचा विषय झाला. वृत्तपत्राची किंमत व त्याची पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा अधिनियम १९५६ मध्ये व त्याखालील आदेश १९६० मध्ये निघाला. पुण्याच्या सकाळ (स्थापना १९३२) या मराठी दैनिकाने त्यास आव्हान दिले. आठवड्यातील पाच दिवस सहा व एक दिवस चार पृष्ठांचे हे पत्र तेव्हा सात नव्या पैशांस मिळे. पृष्ठे कायम ठेवून किंमत वाढवावी किंवा किंमत कायम ठेवून पृष्ठे कमी करावीत, असा पेच त्या आदेशाने निर्माण केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा अधिनियम व आदेश भाषणस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द ठरविले. पृष्ठांवर मर्यादा घालणारे १९७२-७३ चे कागदविषयक धोरणही याच तत्त्वावर १९७२ मध्ये न्यायालयात टिकले नाही. कागदाच्या टनांचे गणित वाचकाच्या हक्काशी जोडले गेल्याची ही ठळक उदाहरणे होत.

(२) क्रीमवोव्ह : पुस्तके, पाठ्यपुस्तके व वह्या यांत सर्वाधिक वापरला जाणारा कागद. ‘वोव्ह’ म्हणजे विणलेल्या तारेच्या जाळीवर बनलेला. त्यात आडव्या-उभ्या रेषांच्या खुणा दिसत नाहीत. या जाळीच्या कागदाचा मुद्रणातील आरंभ इंग्रज मुद्रक जॉन बास्करव्हिल याने १७५७ मध्ये छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यग्रंथाने झाला. आता रंग ‘क्रीम’ असतोच असे नाही. पुष्कळदा हा कागद पांढरा असतो. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाच्या (बालभारती, स्थापना १९६७) पाठ्यपुस्तकांच्या श्रेयपृष्ठावर ‘कागद : ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह’ अशी नोंद आढळते. शालेय पुस्तक वर्षभर दप्तरात वावरते, दोन्ही बाजूंनी चित्रांसह छापले जाते आणि पुष्कळदा धाकट्या भावंडाच्या हाती जाते. ६० जी.एस.एम. कागदावर चित्रांची सावली मागे उमटण्याचा संभव असतो, तर ८० वर दप्तराचे ओझे व किंमत दोन्ही वाढतात. या दोहोंमध्ये ७० चा आकडा उचित ठरतो. साध्या ललित पुस्तकांस ५४ ते ६० जी.एस.एम. पुरतो.

(३) मॅपलिथो : नावातच नकाशा व शिलामुद्रण यांची खूण आहे. भरपूर खळ लावलेला, घोटलेला, आकारात स्थिर राहणारा हा कागद ऑफसेटसाठी उत्तम असून चांगली छापील पुस्तके, नियतकालिके व माहितीपत्रके यांसाठी ६० ते १०० जी.एस.एम.च्या दरम्यान वापरतात. क्रीमवोव्हपेक्षा तो महाग असतो.

(४) विलेपित कागद : यात आर्ट पेपर व क्रोमो हे प्रकार येतात. कागदाच्या पृष्ठावर चिनी माती वा खडूचा बारीक लेप देऊन तो घोटलेला असतो. लेपामुळे शाई आत न जिरता वरच राहते व जाळीतील सूक्ष्म ठिपके स्पष्ट उमटतात. आर्ट पेपर दोन्ही बाजूंनी, तर क्रोमो एका बाजूने लेपित असतो. म्हणून डब्यांवरील लेबले व पाकिटे क्रोमोवर छापतात. चित्रांची नियतकालिके, कलाविषयक पुस्तके व दिनदर्शिका यांसाठी ९० ते १७० जी.एस.एम. आर्ट पेपर घेतात. त्याची चमक मात्र दीर्घ वाचनास अडथळा आणते. निव्वळ गद्य मजकूर अशा कागदावर छापणे हा श्रीमंतीचा देखावा ठरतो. लेपित कागदाचा मोठा कारखाना १९९० च्या दशकात भिगवण (ता. इंदापूर, जि. पुणे) येथे उभा राहिला. भीमेवरील उजनी जलाशयाच्या अलीकडे भिगवण व पलीकडे अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत तालुका आहे.

(५) व्यवहाराचे कागद : बँक कागद (४५ ते ५० जी.एस.एम.) हा पातळ, बळकट कागद टंकलेखन व दुय्यम प्रतींसाठी आणि त्याहून पातळ मॅनिफोल्ड पावत्यांच्या प्रतींसाठी वापरात होता, संगणकीय मुद्रणाने त्याची जागा घेतली. बाँड कागद (६० ते १०० जी.एस.एम.) भागप्रमाणपत्रे, करारपत्रे व पत्रव्यवहारासाठी, तर लेजर कागद खतावणी व रोजमेळ यांच्यासाठी घेतात. लेजर कागदावर अनेक वर्षे हात फिरतो व त्यावरचे आकडे खोडून पुन्हा लिहावे लागतात. म्हणून त्यात तंतूंची बळकटी व खळीची पुरेशी मात्रा हवी. साखर कारखान्यांच्या सभासद नोंदवह्या व सहकारी पतसंस्थांची खाती या कागदाचे मोठे ग्राहक होते.

(६) जाड प्रकार : १२० ते ३५० जी.एस.एम. वजनाचे मुखपृष्ठाचे कागद व पुठ्ठे. लग्नपत्रिका व भेटकार्डांसाठी आयव्हरी कार्ड वा आर्ट कार्ड, खोक्यांसाठी ड्यूप्लेक्स बोर्ड, बांधणीसाठी स्ट्रॉ बोर्ड. यांतील शेवटचा प्रकार जी.एस.एम.पेक्षा औंसांच्या जुन्या मापावर ओळखला जातो.

कच्चा माल व उसाचे चिपाड : छापण्याच्या कागदासाठी भारतात बांबू, निलगिरी व सुबाभूळ यांसारखी लाकडे, टाकाऊ कागद, गहू-भाताचा पेंढा व उसाचे चिपाड वापरतात. महाराष्ट्रात पुण्याजवळ मुंढवा येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेक्कन पेपर मिल सुरू झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कारखान्याने विदर्भातील बांबू कागदासाठी वापरात आणला. पश्चिम महाराष्ट्रात या कामी ऊस उपयोगी ठरतो. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरानगर (जि. अहमदनगर) येथे उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि त्यापाठोपाठ जिल्ह्यात अनेक कारखाने निघाले. गाळलेल्या शंभर टन उसामागे सु. ३० टन चिपाड, म्हणजे कारखान्यांच्या बोलीतील बगॅस, निघते व त्यातील निम्मे पाणीच असते. प्रवरानगर येथे साखर कारखान्याच्या जोडीने अशा चिपाडापासून लगदा व कागद करणारी गिरणीही चालविण्यात आली.

चिपाडातील भुसाळ भाग, म्हणजे गर, आधी वेगळा काढावा लागतो. तो राहिल्यास लगद्यातून पाणी लवकर निथळत नाही आणि कागदावर डाग पडतात. उरलेले तंतू एक ते दीड मिलिमीटर लांबीचे, म्हणजे बांबूच्या तंतूंपेक्षा आखूड असतात. त्यांपासून झालेला कागद सारख्या पोताचा व गुळगुळीत होतो, छपाईस चांगला ठरतो, परंतु फाडण्यास सोपा असतो. म्हणून त्यात लांब तंतूंचा लगदा मिसळतात. तमिळनाडूतील करूरजवळचा राज्य शासनाचा कारखाना १९८४ पासून चिपाडापासून वृत्तपत्री व छपाईचा कागद काढू लागला व त्याने ही रीत मोठ्या प्रमाणावर शक्य असल्याचे दाखविले. अडचण वेगळीच आहे. साखर कारखाना चिपाड आपल्याच बाष्पित्रात जाळतो. कागदासाठी ते हवे असल्यास त्याऐवजी कोळसा द्यावा लागतो. चिपाडावर वीज निर्माण करून ती विकण्याची सोय झाल्यापासून तर कागदाला चिपाड मिळणे अधिकच कठीण झाले.

टिकाऊपणा : कागदाचे वजन त्याच्या आयुष्याविषयी काहीच सांगत नाही. जर्मन कागदकार मोरिट्स इलिग याने १८०७ मध्ये राळ व तुरटी यांची खळ लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. ती स्वस्त व सोपी असल्याने सर्वत्र पसरली. पण तुरटीतून निर्माण होणारे अम्ल कागदातील सेल्युलोजाच्या साखळ्या तोडीत राहते. वर्षे उलटताच ताव प्रथम कडांशी तपकिरी होतो, नंतर घडीवर तुटतो व शेवटी बोटांत चुरतो. हातकागदात चुन्याचा अंश राहिल्याने व त्याचे तंतू लांब असल्याने शतकांपूर्वीची मोडी कागदपत्रे आजही उलगडता येतात. छपाई यंत्रयुगात शिरल्यानंतरचे अंक मात्र त्यामानाने फार लवकर जर्जर होतात.

नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी दीर्घकाळ चालविलेले दीनमित्र (आरंभ १९१०) हे सत्यशोधक साप्ताहिक अशा काळाचा साक्षीदार आहे. ग्रामीण भागातून सुमारे सत्तावन्न वर्षे सातत्याने निघालेले हे पत्र ग्रामीण समाजाच्या इतिहासाचे अमोल साधन होय. कागदाचा पुरवठा, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातील नियंत्रणांच्या (१९४४ चा कागद काटकसर आदेश) काळात, अशा पत्रांना मिळेल त्या दर्जाचाच स्वीकारावा लागे. त्या पिढीतील नियतकालिकांचे जे अंक उरले आहेत, त्यांचे अम्लीकरण थांबविणे व प्रतिमा घेऊन ठेवणे हे ग्रंथालयांपुढील काम मागे पडता कामा नये. अम्लाचा निचरा करण्यासाठी कॅल्शियम वा मॅग्नेशियमची अल्कधर्मी संयुगे वापरतात. त्याने अम्ल नष्ट होते, परंतु तुटलेले तंतू जोडले जात नाहीत.

१९९० नंतर अनेक कागद कारखान्यांनी तुरटीऐवजी अल्कधर्मी वा उदासीन खळ व भरणद्रव्य म्हणून खडू वापरण्यास सुरुवात केली. खडू चिनी मातीपेक्षा स्वस्त व पांढरा असल्याने या बदलामागे टिकाऊपणापेक्षा खर्चाचे गणित अधिक होते. पण परिणाम हितकारक झाला. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये निघाले. त्यानुसार कागद रासायनिक लगद्याचा, लिग्निन अत्यल्प असलेला, ठरावीक बळकटीचा आणि कॅल्शियम कार्बोनेटाच्या दोन टक्क्यांइतका अल्कधर्मी साठा असलेला असावा लागतो. कागद अम्लधर्मी आहे की नाही, हे पाहण्यासाठी विशिष्ट रंगद्रव्य असलेल्या लेखणीने कडेला एक रेघ ओढतात. रेघेच्या रंगावरून अम्लधर्मी व अल्कधर्मी कागद वेगळे ओळखू येतात. गॅझेट, जनगणनेचे अहवाल, ग्रामपंचायतींच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या व जमिनीचे दाखले यांच्या खरेदीत ही तपासणी वजनाच्या तपासणीइतकीच आवश्यक आहे. निविदेत बहुधा तिचा उल्लेख नसतो.